दर्शक

मगदुमांच्या पेढीवरचं मेज
साडेतीन हजारांना मिळालं, हमाली वेगळी.
वखारभागातून विश्रामबागेपर्यंत
छोट्या टेम्पोत उलटं पडून आलं,
चारी पाय वर, दोरीनं आवळलेले.

सागवान. पायांवर एक आडवी रेघ,
माझ्या गुडघ्याच्या थोडी खाली:
पुराचं पाणी इथवर आलं, इथून परत गेलं.
वर शाईचे डाग, तराजूच्या बुडाचा गोल वण,
आणि खणाच्या कडांत, सांध्यांत, खिळ्यांच्या टोप्यांखाली
किती हंगामांची कोण जाणे, हळद.

ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस.
भुसा पिवळा पडत होता.
तीन दिवस घराला
कुणाच्या तरी लग्नाचा वास.

दस्तगीरभाई मिरजेचे.
चाळीस वर्षं सतारीच्या भोपळ्यांना लाख लावली,
आता गुडघे बसू देत नाहीत.
फोनवर म्हणाले, "मेण लई बसलं असंल त्यावर.
सोड्याच्या पाण्यानं पुसून ठेवा,
मी बेस्तरवारी येतो."

मूठभर धुण्याचा सोडा, कोमट पाणी, जुनं फडकं.
पहिल्याच हाताला
मेज लाल झालं.

सत्तावीस वर्षं कन्याशाळेच्या प्रयोगशाळेत
हळदीच्या पाण्यात गाळणकागद भिजवले, वाळवले,
सोड्याचा थेंब टाकून सातवीच्या मुलींना विचारलं,
काय दिसलं?
लाल, बाई.
याला म्हणतात दर्शक. वहीत लिहा.

तरी फडकं हातातून पडलं.

दोन्ही तळवे, नखांच्या कडा, मनगटापर्यंत.
हे गेले त्याला चार वर्षं झाली.
या रंगाची डबी मी उघडली नाही,
टाकलीही नाही,
कपाटात आहे, विजेच्या बिलांच्या मागे.

कठड्यापलीकडे उपाध्ये वहिनी
कपडे काढता काढता थांबल्या.
"काही नाही हो, सोडा," मी म्हटलं.
"हो का," त्या म्हणाल्या
आणि आपलेच कोरडे हात
पदराला पुसत आत गेल्या.

लिंबू पिळलं की जातं. तेही मीच शिकवलंय.
लिंबू कापलं,
अर्धं एका कोपऱ्यावर पिळलं.
कोपरा लगेच पिवळा झाला,
पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा.
उरलेल्या अर्ध्याचं
मी सरबत केलं.

गुरुवारी दस्तगीरभाईंनी बोट ओलं करून घासलं,
वास घेतला, बोट माझ्याकडे धरलं.
"हे काय करून बसलासा, बाई?
अक्रोडी रंग आणलाय मी. ह्याच्यावर चढायचा न्हाई."
नका चढवू, म्हटलं.
ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले,
मग रंगाची बाटली पिशवीत परत घातली.

चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजलेली.
कापसावर जुनं मलमल गुंडाळून पोचारा.
मलमल त्यांनी मागितलं, मी ह्यांचा सदरा फाडून दिला,
बटणं काढून ठेवून.
"आठाचा आकडा काढत ऱ्हायाचं,
हात थांबला की चिकटतंय."
दुपारभर आठ, आठ, आठ.
बाराव्या हाताला पंख्याची पाती
लाकडात फिरताना दिसायला लागली.

निघताना चपला घालत म्हणाले,
"पर हळद उन्हाला टिकत न्हाई, लाखेखाली बी.
खिडकीपाशी ठेवू नगा. वर्षात उडंल."

खिडकीपाशीच ठेवलंय.
साडेतीनला ऊन डाव्या कडेवर येतं,
मग शाईच्या डागावर,
मग तराजूच्या वणात थोडा वेळ बसतं.

दोन महिन्यांनी शब्दकोश उचलला.
खाली त्याच्या आकाराचा चौकोन, गडद,
भोवतालचं किंचित फिकट.
वहीत तारीख घातली, वेळ घातली.
कोश परत ठेवला,
थोडा सरकवून.